अवधी नसलेला शाप : व्हिसाची प्रतीक्षा आणि विप्रलंभाची मर्यादा

विरहाचा विचार भारतीय साहित्यशास्त्राने जितक्या बारकाईने केला, तितका फार थोड्या परंपरांनी केला असेल. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले असून, त्यांपैकी प्रवासाची कार्य, शाप आणि संभ्रम ही तीन कारणे दिली आहेत. नायक कामानिमित्त दूरदेशी जातो, कोणाच्या तरी शापाने दूर फेकला जातो, किंवा एखाद्या उत्पाताने दोघांची ताटातूट होते. या तीन कारणांत शतकानुशतके सर्व वियोगकथा सामावल्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगात वियोगाचे एक निराळे कारण वावरू लागले. पती एका देशात आहे, पत्नी व मुले दुसऱ्या देशात आहेत, दोघांचा विवाह निर्विवाद आहे, एकत्र राहण्याची इच्छाही तितकीच निर्विवाद आहे. आणि तरीही एका कचेरीतील कागद पुढे सरकत नाही म्हणून ते कुटुंब वर्षानुवर्षे विभागलेले राहते. या कारणाला कार्य म्हणता येत नाही, संभ्रम म्हणता येत नाही. शाप म्हणावे तर शाप देणारा कोणी दिसत नाही.

अशा वियोगाने साहित्यापुढे उभा केलेला प्रश्न साधा नाही. जुन्याच भावनेला केवळ एक नवे कारण लाभले आहे, की कारण बदलताच भावनेचे स्वरूपही बदलले आहे? समीक्षेला पहिले उत्तर सोयीचे वाटते. परदेशातील प्रतीक्षेवर एखादी कविता किंवा कथा आली, की तिला नव्या काळाचे 'मेघदूत' म्हणावे आणि विरहाने प्रेम कसे तेजाळले याचे कौतुक करावे, ही वाट मळलेली आहे. परंतु या विषयावरील दोन महत्त्वाच्या कलाकृती लक्षपूर्वक वाचल्या, तर ही वाट चुकीच्या गावाला जाते असे दिसून येते.

प्रथम 'मेघदूता'चीच व्यवस्था पाहावी. यक्षाला मिळालेला शाप एका वर्षाचा आहे. शाप कोणी दिला हे ठाऊक आहे, का दिला हेही ठाऊक आहे. विष्णू शेषशय्येवरून उठेल, म्हणजे कार्तिकातील प्रबोधिनी एकादशी येईल, त्या दिवशी शाप संपेल आणि आता चारच महिने उरले आहेत, असा निरोप यक्ष पाठवू शकतो. अलकेत त्याची पत्नी उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. ही फुले त्या काव्यातील केवळ अलंकार नाहीत. काव्यातील सर्व आर्ततेला धीराचा जो तळ आहे, तो त्या मोजणीत आहे. अवधी निश्चित असल्यामुळेच विरहाचे सौंदर्यात रूपांतर करण्याची सवड कवीला मिळते.

महाराष्ट्राला परिचित असलेला वियोग 'कार्य' या कारणाचा. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी आणि कोकणातल्या घरी मनिऑर्डरची वाट पाहणारी त्याची पत्नी यांच्यामध्ये दारिद्र्य होते, अंतर होते, समुद्रही होता. परंतु त्या वियोगालाही ऋतू होता. गणपतीला, नाहीतर शिमग्याला माणूस घरी येई. मुख्य म्हणजे बंदरावर उतरलेल्या बायकोला तिच्या नवऱ्याकडे जाण्यास मनाई करणारा कोणी तेथे उभा नसे.

याच्या शेजारी अमेरिकेतील आजची व्यवस्था ठेवून पाहावी. त्या देशात कायम वास्तव्याचा परवाना असलेली, परंतु नागरिक नसलेली व्यक्ती आपला जोडीदार आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी अर्ज करू शकते. अशा व्हिसांची वार्षिक संख्या मर्यादित असल्याने तेथील परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते. त्या पत्रकात एक तारीख असते; त्या तारखेपूर्वी ज्यांचा अर्ज दाखल झाला असेल त्यांचाच क्रमांक लागतो. ही तारीख बहुधा हळूहळू पुढे जाते, काही महिने जागीच थांबते, आणि कधीकधी चक्क मागे येते. या वर्गाला कित्येक महिने कसलीच रांग नव्हती. एप्रिल 2023 च्या पत्रकात मात्र एकाएकी 2020 सालची तारीख आली आणि कालपर्यंत दाराशी पोहोचलेली माणसे पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. यक्षपत्नीने सकाळी उठून पाहावे तो उंबरठ्यावरची फुले रात्रीत वाढलेली असावीत, असा हा अनुभव आहे. मोजणी करता येते, परंतु मोजणीने धीर येत नाही. शापाला अवधी नसला, की विरहाचे काव्यशास्त्र तेथेच लुळे पडते.

या अनुभवाचा पहिला मर्मग्राही आलेख शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. एडिथ मॉड ईटन ही इंग्रज पिता आणि चिनी माता यांची कन्या. तिचा जन्म 1865 मध्ये इंग्लंडात झाला, बालपण मुख्यतः कॅनडातील माँट्रियल येथे गेले आणि सुई सिन फार या नावाने तिने अमेरिकेतील चिनी कुटुंबांच्या कथा लिहिल्या. तिची 'इन द लँड ऑफ द फ्री' ही कथा 1909 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1912 च्या 'मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स' या संग्रहात समाविष्ट झाली. त्या काळी 1882 चा चिनी बहिष्कार कायदा अमलात होता. मजुरांना दार बंद होते. व्यापारी आणि त्यांची कुटुंबे यांना मात्र सवलत होती. कथेतील होम हिंग हा सॅन फ्रान्सिस्कोतील असाच एक व्यापारी. त्याची पत्नी ले चू सासू-सासऱ्यांच्या सेवेसाठी चीनला गेलेली असते. तेथे तिला मुलगा होतो. त्या मुलाला घेऊन ती परत येते आणि बंदरावर अधिकारी सांगतात की, आईचे कागद ठीक आहेत, परंतु मुलाचा कागद नाही. वॉशिंग्टनहून उत्तर येईपर्यंत मूल सरकारच्या ताब्यात राहील.

या प्रसंगाच्या चित्रणात लेखिकेने दाखविलेला संयम उल्लेखनीय आहे. अधिकारी उद्धट नाहीत. त्यांपैकी एकाला तर आपल्या कामाचा हा भाग रुचत नाही. पतीही संतापत नाही. तो समंजस व्यापारी आहे. कायदा म्हणजे कायदा हे तो जाणतो आणि उद्या मूल परत मिळेल असे पत्नीला सांगतो. 'उद्या' या शब्दाभोवतीच ती कथा फिरते. उद्याचे दिवस होतात, दिवसांचे महिने होतात. पाच महिन्यांनी एक तरुण वकील येतो आणि वॉशिंग्टनला जाऊन काम लवकर करून आणण्यासाठी पाचशे डॉलर मागतो. पतीजवळ तेवढे पैसे नसतात. पत्नी आपले सर्व दागिने काढून वकिलापुढे ठेवते. वकिलाला क्षणभर लाज वाटते, पण तो ते घेतो. मूल नेल्याला दहा महिने होतात तेव्हा कोठे सुटकेचा कागद हाती येतो. आई मिशनच्या बालगृहात धावत जाते. तेथे मुलाला नवे नाव मिळालेले आहे, नवे कपडे मिळालेले आहेत. ती गुडघे टेकून हात पसरते. मूल मिशनच्या बाईच्या झग्याच्या घडीत तोंड लपवते आणि आईला दूर जाण्यास सांगते. कथा तेथे थांबते.

या शेवटाला केवळ करुण म्हणणे अपुरे आहे. विरहकाव्यात काळाचे कार्य ठरलेले असते. तो प्रेमिकांना झिजवतो, कृश करतो. पण त्यांच्या प्रेमाला तो हात लावत नाही. उलट 'मेघदूता'त यक्ष सांगतो त्याप्रमाणे, भोगाविना साठून राहिलेले प्रेम अधिकच गाढ होते. प्रौढांच्या प्रेमाबाबत हे कदाचित खरेही असेल, कारण दोघांजवळ स्मृती असते आणि त्या स्मृतीत दोघे एकमेकांना जपून ठेवतात. तान्ह्या मुलाजवळ अशी स्मृती नसते. ज्या दहा महिन्यांत आई जागच्या जागी थांबून असते, त्याच दहा महिन्यांत मूल चालायला, बोलायला, नवी माणसे ओळखायला शिकते. आईच्या दृष्टीने जो काळ रिकामा आहे, तोच मुलाच्या दृष्टीने भरलेला आहे. आणि त्या भरलेल्या काळात आई नाही. म्हणून येथे पुनर्मीलन हा वियोगाचा शेवट ठरत नाही. वियोग किती खोल गेला होता, याचा उलगडा त्या मीलनाच्या क्षणीच होतो. कागद आला, तो अनुकूल आला. तरी जे गेले ते कागदाने परत आले नाही. विलंबाने झालेला न्याय आणि अन्याय यांतील भेद मुलाच्या बाबतीत फारसा उरत नाही, हे सत्य लेखिकेने कोणतेही भाष्य न करता सांगितले आहे.

कथेत दोष आहेत. ले चूच्या तोंडची मोडकी इंग्रजी तिच्या दुःखाला अधूनमधून बालिश करते. दागिन्यांचा प्रसंग नाटकीपणाच्या काठावर उभा आहे. शीर्षकातील उपरोध, स्वातंत्र्याची भूमी म्हणून मिरवणाऱ्या देशावरचा, जरा उघड आहे. परंतु शेवटच्या काही ओळींचे सामर्थ्य या दोषांनी उणावत नाही.

या शेवटाशी 'शाकुंतला'च्या सातव्या अंकाचे साम्य विलक्षण आहे. तेथेही एक मूल आपल्या जन्मदात्याला नाकारते. मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा सर्वदमन दुष्यंताला सांगतो की, माझा पिता दुष्यंत आहे, तू नव्हेस. जन्मापासूनचा सर्व काळ त्या एका वाक्यात गोळा झालेला आहे. कालिदासाने हे वाक्य ऐकले होते. पण नाटकाचा ओघ मीलनाकडे चाललेला असल्याने त्याने ते स्मिताच्या लाटेत विरघळू दिले. सुई सिन फारने नेमके तेच वाक्य शेवटी ठेवले आणि पुढे काही लिहिले नाही. दोन कलाकृतींतील हे अंतर प्रतिभेच्या पातळीचे नाही. नाट्यधर्माने बांधलेल्या कवीला जेथून पुढे जाणे भाग होते, तेथे ही लेखिका थांबू शकली.

'शाकुंतल' या विषयाच्या संदर्भात आणखी एका कारणासाठी वाचावे लागते. पाचव्या अंकातील राजसभेचा प्रसंग म्हणजे पुराव्याअभावी परतविल्या गेलेल्या पत्नीचा प्रसंग आहे. ती गर्भवती आहे, विवाह खरा आहे, परंतु अंगठी पाण्यात पडली आहे. पुढे उभा असलेला पुरुष तिचा पती आहे आणि तोच राज्यसत्ताही आहे. पती म्हणून त्याला स्मरत नाही आणि राजा म्हणून तो प्रमाण मागतो. मुलाच्या बाबतीतही प्रमाण हवेच असते. सर्वदमनाच्या मनगटावरील अपराजिता ही वनस्पती भूमीवर पडली असता, आई, बाप किंवा तो स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणी उचलली तर तिचा सर्प होऊन ती दंश करते. दुष्यंत ती सहज उचलतो आणि पितृत्व सिद्ध होते. 1985 मध्ये इंग्लंडात एका घानावंशीय मुलाचे आईशी असलेले नाते जनुकीय परीक्षेने सिद्ध करून त्याचा प्रवेश मान्य करण्यात आला. रक्ताची साक्ष मागण्याची ही रीत अपराजितेच्याच कुळातली आहे.

परंतु येथेच एक प्रश्न राहतो, तो कालिदासापुढे नव्हता. शकुंतलेने दुसरा विवाह केला असता आणि त्या सालस पुरुषाने सर्वदमनाला आपला मानून वाढविले असते, तर त्याने उचललेल्या अपराजितेचा सर्पच झाला असता. सावत्र बापाला त्या वनस्पतीच्या व्यवस्थेत स्थान नाही. अमेरिकेचा कायदा या बाबतीत अपराजितेहून उदार आहे. मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी विवाह झालेला असेल तर सावत्र मुलाला तो मूल मानतो. मात्र त्या उदारतेलाही विचित्र कोपरे आहेत. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या माणसाने पत्नीसाठी अर्ज केला, तर तिची मुले त्याच अर्जात येतात. तोच माणूस नागरिक असेल तर पत्नीला संख्येची मर्यादा उरत नाही, पण प्रत्येक मुलासाठी निराळा अर्ज करावा लागतो. एकाच घरातील माणसे अशा रीतीने निरनिराळ्या कागदांवर बसतात आणि ते कागद एकाच वेगाने चालतीलच असे नाही. आईचा व्हिसा हाती आलेला आहे, मोठ्या मुलाचा अडकलेला आहे, पोटात तिसरे मूल आहे. या स्त्रीने विमानात बसावे की बसू नये? हा पेच कोणत्याही शोकांतिकेला पुरेल इतका मोठा आहे. आणि तो निर्माण करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात दुष्टावा नाही.

रक्तापलीकडच्या वात्सल्याचा वियोग भारतीय साहित्याला अपरिचित मात्र नाही. सूरदासाच्या पदांतील यशोदा मथुरेला देवकीकडे निरोप धाडते, तेव्हा आपण त्या मुलाची केवळ दाई आहोत असे म्हणवून घेते. वाढविणाऱ्या आईला आपला हक्क सिद्ध करता येत नाही, आणि तरीही मुलाच्या आवडीनिवडी तिलाच ठाऊक असतात. 'साहित्यदर्पण'काराने वत्सल हा स्वतंत्र रस मानला, पण त्याच्या वियोगाची चर्चा शृंगाराच्या तपशिलाने केली नाही. भक्त कवींनी ती उणीव आपल्या रचनांनी भरून काढली. व्हिसाच्या प्रतीक्षेवरील साहित्याचे पूर्वज शोधायचे असतील तर ते यक्षापेक्षा यशोदेच्या बाजूला शोधणे अधिक योग्य होईल.

लुई चू याची 1961 मध्ये प्रसिद्ध झालेली 'ईट अ बोल ऑफ टी' ही कादंबरी वाचताना या विधानाची कसोटी लागते, कारण तिचा विषय वरकरणी दांपत्यवियोगाचा आहे. न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतील वा गे हा वृद्ध एका तळघरात जुगाराचा अड्डा चालवतो. त्याची पत्नी चीनमधील खेड्यात आहे आणि वीसहून अधिक वर्षे दोघांची भेट नाही. बहिष्काराच्या कायद्यांनी ज्या वस्त्या जवळजवळ स्त्रीहीन करून टाकल्या, त्यांचा तो प्रतिनिधी आहे. या माणसांच्या तोंडी विरहाची भाषा नाही. त्यांच्याजवळ शिव्या आहेत, चहाड्या आहेत, पत्त्यांचे आणि सोंगट्यांचे डाव आहेत. वियोग वीस वर्षे टिकला की त्याचे काव्य होत नाही, त्याची सवय होते, हे या कादंबरीचे पहिले निरीक्षण आहे.

दुसरे निरीक्षण पुढच्या पिढीविषयी आहे. 1943 मध्ये बहिष्काराचा कायदा रद्द झाला. महायुद्धानंतर सैनिकांच्या पत्नींना वाट मोकळी झाली. वा गेचा मुलगा बेन लॉय सैन्यातून परतलेला आहे. तो चीनला जाऊन मेई ओईशी विवाह करतो आणि तिला घेऊन येतो. कागदाचा अडसर संपला आहे. तरीही त्या तरुणाचे पुरुषत्व नाहीसे झालेले आहे. पत्नी परपुरुषाकडे वळते, तिला मूल होते, वस्तीत गवगवा होतो, वृद्ध पिता जाराचा कान कापतो. कायदा मरतो तेव्हा त्याने घडविलेली माणसे जिवंत असतात, असा या कथानकाचा आशय आहे. आणि शेवटी बेन लॉय त्या मुलाला आपले मानतो. अपराजितेचा सर्प तो अंगावर घेतो आणि त्याला दंश होत नाही. कडू काढ्याने त्याचा विकार बरा होतो हा भाग विनोदी कादंबरीच्या सोयीचा आहे, त्याने शेवट किंचित स्वस्त झाला आहे. पण मुलाचा स्वीकार हा त्या काढ्याहून मोठा उपचार आहे.

या साहित्याचा आणखी एक विशेष त्याच्या भाषेशी निगडित आहे. 1910 ते 1940 या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळील एंजल आयलंडवर चिनी प्रवाशांना अडकवून ठेवीत आणि बाप-मुलांना वेगवेगळे बसवून घराच्या पायऱ्या किती, शेजारी कोण, असे प्रश्न विचारीत. 1906 च्या भूकंपात जन्मनोंदी जळाल्यामुळे पुष्कळजण कागदावर दुसऱ्याचे पुत्र होऊन येत, हे त्यामागचे कारण. खोटा मुलगा पाठ केलेली उत्तरे देई. खरा मुलगा कधी अडखळे. तेथील लाकडी भिंतींवर अडकलेल्यांनी कोरलेल्या कविता आजही आहेत. आज विवाह खरा आहे हे दाखविण्यासाठी पती-पत्नी पत्रे, छायाचित्रे, संयुक्त खात्यांचे उतारे सादर करतात. पत्र हा वाङ्मयप्रकार दोघांतील एकांतावर उभा असतो. त्या एकांतात येथे एक तिसरा वाचक येऊन बसतो. पत्नी पतीला लिहिते, पण कोणी तिसरा ते वाचून नाते पारखणार आहे याची जाणीव तिच्या लेखणीला असते. प्रेम व्यक्त करणे आणि प्रेम सिद्ध करणे यांतील सीमारेषा पुसली जाते. यक्षाला मेघापुढे खुणेची गोष्ट सांगावी लागली होती खरी; परंतु ती पत्नीची खात्री पटावी म्हणून होती. या विषयावर लिहिणाऱ्या कादंबरीकाराला भाषेच्या या दुहेरीपणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

कायद्याचा जाच हा वृत्तपत्राचा विषय आहे, साहित्याचा नव्हे, अशी शंका यावर घेतली जाईल. कायदे बदलतात हे खरेच. आज अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या आईला परदेशच्या तात्पुरत्या मुक्कामात मूल झाले आणि दोन वर्षांच्या आत, पहिल्याच परतीच्या वेळी, ती त्याला घेऊन आली, तर त्या मुलाला व्हिसा लागत नाही. ले चूवर आलेला नेमका तो प्रसंग आजच्या नियमांत बसत नाही. तरी ती कथा जुनी झालेली नाही. तिचा विषय विशिष्ट कलम हा नव्हता. कचेरीचा काळ आणि मुलाचा काळ यांचा मेळ बसत नाही, हा होता. नवी कलमे येतात, नव्या रांगा लागतात, आणि तो मेळ पुन्हा बिघडतो.

म्हणून अशा लेखनाचे मूल्यमापन करताना समीक्षेने एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. त्यातील दुःख किती हळुवार आहे हे न पाहता, काळाने त्यातील माणसांत, विशेषतः मुलांत, काय बदल केला हे त्या लेखकाला दिसले आहे की नाही ते पाहावे. विमानतळावरील आलिंगनाने संपणारी कथा बहुधा हा प्रश्न टाळते. विमानतळावरून घरी जाताना मागच्या आसनावर बसलेले मूल या नव्या माणसाला काय म्हणून हाक मारावी याचा विचार करीत असते. आणि वयाने थोडा मोठा असलेला दुसरा मुलगा, ज्याचा अर्ज निराळा होता, त्या गाडीत कदाचित नसतोच. मराठी कुटुंबे आज अनेक देशांच्या कागदांवर विभागलेली आहेत. त्यांच्यातून येणाऱ्या लेखकाला विरहाची तयार भाषा परंपरेने भरपूर दिलेली आहे. त्या गाडीतल्या मुलाची भाषा मात्र त्याला स्वतःच शोधावी लागेल.